मॅग्नेशियाच्या वाटीतलं सोनं

खानापूर-आटपाडी भागातली आमची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगली. त्यांच्यामागून मीही कोइमतूरला आलो, पण गलाईच्या दुकानात न बसता हॉलमार्किंग केंद्राच्या भट्टीवर रुजू झालो. तिथे टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढताना जे उमगलं, ते या कामात नव्याने येणाऱ्या पोरांसाठी लिहितो आहे.

१. मूस आणि क्युपेल यांचं काम वेगळं. मुशीत सोनं नुसतं वितळतं, क्युपेलमध्ये त्यातलं हीण निघून जातं. क्युपेल म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडची, म्हणजेच मॅग्नेशियाची, जाड बुडाची सच्छिद्र वाटी. नमुन्यात मोजून चांदी घालायची, शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचं आणि सुमारे ११०० अंश सेल्सियसच्या भट्टीत तापलेल्या वाटीत सोडायचं. हवा लागून शिशाचं ऑक्साइड होतं, तांबं-जस्तही त्याच वाटेने जातं, आणि हा पातळ रस वाटी पिऊन टाकते. सोनं-चांदीचा रस मात्र तिच्या छिद्रांत फारसा शिरत नाही, मणी होऊन वर राहतो.

२. वाटी मॅग्नेशियाचीच का, हे प्रत्येकाने समजून घ्यावं. शिशाचं ऑक्साइड वाळू-मातीला खातं, म्हणून साधी मातीची मूस इथे टिकत नाही. पूर्वी हाडांची राख दाबून वाट्या करत, अजूनही कुठे कुठे करतात. मॅग्नेशिया २८०० अंशांपर्यंत वितळत नाही आणि शिशाच्या ऑक्साइडपुढेही दम धरतो. कोइमतूरहून सेलम फार लांब नाही. तिथल्या चॉक हिल्समध्ये पांढरा मॅग्नेसाइट दगड निघतो. तो भाजला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मॅग्नेशिया उरतो. ते पांढरे ढिगारे पाहिले तेव्हा रोज हाताळायच्या वाटीबद्दल मला नव्याने आदर वाटला.

३. वाटी कोरडी ठेवा. मॅग्नेशिया हवेतली ओल धरतो. पावसाळ्यात खोकं उघडं टाकू नका आणि शिसं सोडण्याआधी रिकामी वाटी भट्टीत चांगली तापू द्या. ओल राहिली तर शिशाचे शिंतोडे उडतात, आणि त्यांच्याबरोबर सोनंही.

४. आच ओळखायला शिकण्यात सगळं कसब आहे. शिशाचं ऑक्साइड ८८८ अंशांना वितळतं. आच कमी पडली तर ते वरच गोठून मणी झाकून टाकतं. आच फार वाढली तर सोन्या-चांदीची घट वाढते. हाडांच्या राखेपेक्षा मॅग्नेशियातून उष्णता लवकर निघून जाते, म्हणून शेवटी भट्टी जरा चढी ठेवावी लागते. मण्यावर रंगांची झाक फिरते आणि तो एकदम लखकन उजळतो, तेव्हा शिसं संपलं. आचेचा आकडा यंत्र दाखवतं, पण ती चमक डोळ्यांनीच टिपावी.

५. मणी चपटा करून, लाटून, त्याची गुंडाळी नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायची, आधी सौम्य, मग कडक. चांदी विरघळते. सोनं तपकिरी, ठिसूळ उरतं. ते भाजलं की पिवळं होतं. साधं नळाचं पाणी इथे चालत नाही, त्यातलं क्लोराइड चांदीला धरतं.

६. सोबत शुद्ध सोन्याचं प्रूफ, म्हणजे नमुन्यासारखाच भट्टीतून काढलेला माहीत वजनाचा तुकडा, लावल्याशिवाय निकाल देऊ नका. थोडं सोनं वाटीत जिरतं, थोडी चांदी सोन्यात अडकून राहते. प्रूफच्या वजनातल्या फरकावरूनच नमुन्याचा हिशेब दुरुस्त होतो. हा हिशेब चोख हवाच, कारण १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. दागिन्यावर ९१६ (हजारात ९१६ भाग सोनं) वाचून आयुष्याची बचत मोजणारी बाई आपल्या तराजूवर विसंबलेली असते. कसोटीचा दगड आणि क्ष-किरणांचं एक्सआरएफ यंत्र पटकन अंदाज देतात, पण दोन्ही पृष्ठभागच पाहतात. वाद पडला तर वाटीचं सांगणं मानावं.

७. वापरलेल्या वाटीत शिसं मुरलेलं असतं, थोडं धुरातही गेलेलं असतं. कित्येक गलाई दुकानांत आजही भट्टीच्या पलीकडच्या खोलीत संसार मांडलेला असतो. शिशाचा पहिला मार लहान मुलांच्या मेंदूवर बसतो. माझ्या गाववाल्यांना हात जोडून सांगतो: धूर बाहेर ओढणारा पंखा आणि धुराडं आधी बसवा, भट्टीवरचे हात धुतल्याशिवाय जेवू नका, आणि वापरलेल्या वाट्या परसात किंवा ओढ्यात न टाकता घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत माणसाच्याच हवाली करा.