प्रकाशमापकाची परीक्षा

ज्या मापानें आपण मोजतों, तें माप कोणीं मोजावें? वाण्याच्या वजनांवर सरकारी छाप असतो, म्हणून आपण निश्चिंत असतों. परंतु जुन्या फिल्म-कॅमेऱ्यांतील प्रकाशमापकावर असा छाप नसतो. त्याची परीक्षा आपली आपणच केली पाहिजे.

हें ज्ञान आम्हांस उशिरा झालें. दोन वर्षांपूर्वीं शाळेचे एक वृद्ध शिपाई सेवानिवृत्त झाले. सर्व मुलें त्यांना मामा म्हणत. आम्ही एका जुन्या कॅमेऱ्यानें, कांट्यावर पूर्ण भरंवसा ठेवून, त्यांचीं सहकुटुंब बारा छायाचित्रें घेतलीं. फिल्म धुतल्यावर निगेटिव्ह इतक्या फिक्या निघाल्या कीं, मामांचा चेहराही नीट दिसेना. तोंपर्यंत ते गांवीं निघून गेले होते. मापकांत भलताच विद्युत्-घट आम्हीच घातला होता.

ह्याचें कारण समजून घेऊं. १९३५ सालीं जर्मनींतील झाइस आयकॉन कंपनीनें काढलेल्या कॉन्टाफ्लेक्स कॅमेऱ्यांत सेलेनियमचा मापक होता. सेलेनियमवर प्रकाश पडला कीं वीज आपोआप उत्पन्न होते, घट लागत नाहीं. मात्र वयोमानानें त्याची शक्ति क्षीण होऊं शकते. पुढें कॅडमियम सल्फाइडचे मापक आले. प्रकाश वाढला कीं ह्या द्रव्याचा विद्युत्-विरोध घटतो, परंतु वीज बाहेरून द्यावी लागते. १९७० च्या सुमारास निघालेल्या यशिका-मॅट १२४ जी ह्या कॅमेऱ्याचा मापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या घटासाठीं बनविलेला आहे. पारा विषारी असल्यामुळें ते घट आतां बनत नाहींत. त्यांच्या जागीं १.५ व्होल्टचा साधा घट बसतो खरा, पण अशा मापकाचा कांटा फाजील पुढें सरकतो; प्रकाश आहे त्याहून अधिक भासतो आणि फिल्मला प्रकाश कमी मिळतो. कर्णयंत्राचा जस्त-वायु घट सुमारें १.४ व्होल्टचा असल्यानें जवळचा पडतो. मात्र तो थोड्याच आठवड्यांत संपतो.

घट योग्य असल्याची खात्री झाल्यावर तीन परीक्षा कराव्या.

पहिली सूर्याची. निरभ्र दिवशीं, दहा ते तीनच्या दरम्यान, सूर्य पाठीशीं घ्यावा. फिल्मची गति १०० असल्यास छिद्र १६ वर ठेवून शटर १/१२५ च्या आसपास यावें. मापक जगांतील प्रत्येक वस्तु मध्यम करडी आहे असें गृहीत धरतो; म्हणून पांढरी भिंत किंवा काळा फळा न घेतां, शेंकडा १८ प्रकाश परत पाठविणारा करडा पुठ्ठा उन्हांत धरून मापन करावें.

दुसरी तुलनेची. विश्वासाचा दुसरा मापक घेऊन त्याच पुठ्ठ्यावर ऊन, व्हरांडा व वर्गखोली अशा तीन ठिकाणीं दोहोंचे आंकडे वहींत मांडावे. मोबाइल फोनमधील मापकही चालेल, पण आधीं त्याचीही सूर्यपरीक्षा घ्यावी! उन्हांतून आंत आल्यावर कांहीं मिनिटें थांबावें, कारण कॅडमियम सल्फाइडला प्रखर प्रकाशाचा विसर लवकर पडत नाहीं.

तिसरी प्रत्यक्ष फिल्मची. एकाच दृश्याचीं मापकाच्या सांगण्याप्रमाणें, त्याहून एक स्टॉप कमी व एक स्टॉप अधिक, अशीं तीन चित्रें घ्यावीं. ह्या कामीं स्लाइडची फिल्म उत्तम. अर्ध्या स्टॉपची चूकही ती लपवीत नाहीं. निगेटिव्ह फिल्म मात्र अधिक प्रकाश निमूटपणें सोसते. जुनें शटर मंद झालेलें असूं शकतें, म्हणून हिचा निकाल वहींतील आंकड्यांशीं ताडून पाहावा.

आतां निर्णय. तिन्ही ठिकाणीं कांटा सारखाच एक स्टॉप चुकत असेल, तर भिण्याचें कारण नाहीं. तो प्रकाश अधिक सांगत असल्यास १०० च्या फिल्मला गतीची चकती ५० वर ठेवावी, म्हणजे काम भागतें. परंतु उन्हांत बरोबर, सावलींत एक स्टॉप कमी आणि खोलींत दोन स्टॉप अधिक, असें ज्याचें वर्तन, त्याचा उपयोग सोडून द्यावा. ठरलेली चूक सुधारतां येते. लहरी चुकीवर उपाय नाहीं.

गेल्या दिवाळींत आम्ही मामांच्या गांवीं जाऊन आलों. ह्या वेळीं वही बरोबर नेली होती. तें चित्र आतां शाळेच्या कचेरींत लावलें आहे. मामांच्या कपाळावरील प्रत्येक सुरकुती त्यांत स्पष्ट दिसते.