अर्धांगवायू आणि घरची माणसे

आपल्या भंडारा जिल्ह्यात ज्यास लकवा म्हणतात, तो अर्धांगवायू हा हातापायांचा रोग नव्हे. तो मेंदूचा होय. मेंदूस रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद पडते अथवा फुटते, आणि तेथील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. वैनगंगेच्या खालच्या अंगास असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ या काळात जी पाहणी झाली, तीत दर सात मृत्यूंपैकी सुमारे एक या रोगाने झाल्याचे आढळले. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, की प्रथम घड्याळ पाहावे आणि गाडी बोलवावी. झाडपाला मागाहून, किंबहुना नकोच.

मेलेली पेशी पुन्हा जिवंत होत नाही. मग रोगी पुन्हा चालू कसा लागतो? शेजारच्या पेशी नव्या जोडण्या करून तिचे काम उचलतात. पहिल्या तीन महिन्यांत ही घडण सर्वांत वेगाने होते. पुढेही ती अगदी थांबत नाही. वय, इजेचा विस्तार, मधुमेह व रक्तदाब यांवर ती पुष्कळ अवलंबून असते. परंतु ती वापराने होते, हे विसरता कामा नये. आपल्या घरांतून मात्र आजाऱ्यास कूसही स्वतः बदलू द्यावयाची नाही, अशी माया असते. सूनबाई घास भरविते आणि दुबळा हात मांडीवर पडून राहतो. याउलट रोवणीच्या दिवसांत सारे घर बांधीत, आणि आजी दिवसभर खाटेवर एकटी. दोन्ही प्रकारांत हात निकामी होतो. (गिळता येते की नाही हे वैद्याने पाहिल्यावाचून पाणीही पाजू नये, ही गोष्ट निराळी.)

तथापि केवळ घरच्यांवर भिस्त ठेवणेही पुरेसे नाही. भारतातील १४ इस्पितळांत १२५० रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांच्या नातलगांस व्यायाम करवून घेण्याचे शिक्षण दिले होते. सहा महिन्यांनी पाहता दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मायेच्या जोडीस जाणत्या व्यायामतज्ज्ञाचा हात हवा, आणि तोच खेड्यात दुर्मिळ आहे, असे आम्हांस वाटते.

विद्यार्थी मित्रहो, वाचा गेलेल्या आजोबांसमोर त्यांच्याविषयी मोठ्याने बोलू नका. कित्येकदा त्यांस बरेचसे समजत असते. शब्द न फुटणारा माणूस पुष्कळदा ओळखीचे भजन किंवा स्तोत्र सुरात म्हणू शकतो. सायंकाळी जवळ बसून ते सुरू करून पाहा.