बाजारातला पार्ट लावला म्हणजे वॉरंटी गेली काय?



बंदीचे दिवस चालू आहेत. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर, जाळी दुरुस्तीला आणि पिकअप गाड्या गॅरेजात. वर्षभर रखडलेली कामे आपण याच ६१ दिवसांत उरकतो. त्यामुळे संस्थेच्या ऑफिसात सध्या एकच प्रश्न सारखा येतो: "बाहेरचा पार्ट लावला तर कंपनीची वॉरंटी जाते काय?" म्हणून आजचा धडा यावरच.

उत्तर आधी सांगतो. बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणाने सगळी वॉरंटी जात नाही. पण त्या पार्टामुळे जे बिघडले, त्याचा खर्च कंपनी देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. भांडण होते ते या दोन्हींच्या मध्ये: कशामुळे काय बिघडले, हे कोणी आणि कसे दाखवायचे? तिथे ज्याच्याकडे कागद, त्याची बाजू भक्कम.

दोन सभासद, दोन निकाल

गेल्या हंगामात ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या एका सभासदाची पिकअप गिअरबॉक्समध्ये आवाज करू लागली. गाडी चौदा महिन्यांची, वॉरंटी तीन वर्षांची. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बॉनेट उघडले, बाहेरून बसवलेले एलईडी दिवे पाहिले आणि सांगून टाकले, "बाहेरची लाईट लावलीत, वॉरंटी संपली. बेचाळीस हजार होतील." हंगाम नुकताच सुरू झालेला, जेटीवर मासळी उतरतेय, बर्फ वितळतोय. माणूस पैसे भरायला निघालाच होता. आम्ही त्याला एवढेच म्हटले, "दिव्यांमुळे गिअरबॉक्स कसा बिघडला, ते जॉब कार्डावर लिहून द्या म्हणावे." ते लिहून देईनात. मग प्रकरण कंपनीच्या वरच्या ऑफिसात गेले. आठ दिवसांनी गिअरबॉक्सचे बेअरिंग वॉरंटीत बदलून मिळाले. कापलेल्या वायरिंगची जबाबदारी मात्र कंपनीने घेतली नाही, आणि त्यावर आम्हीही वाद घातला नाही.

दुसऱ्या सभासदाची गोष्ट उलटी. त्याची आउटबोर्ड मोटर वॉरंटीत होती. पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर त्याने बाजारातला स्वस्त बसवला. इम्पेलरची पाती तुटली, थंड पाणी वर चढेना, मोटरीच्या बाजूने पडणारी पाण्याची धार बंद झाली. तरी तो तशीच चालवत किनाऱ्याला आला. पिस्टन जाम. कंपनीने नकार दिला. इम्पेलर तुटला, म्हणून पाणी बंद, म्हणून मोटर तापली, म्हणून पिस्टन गेला: साखळी सरळ दिसत होती. शिवाय इम्पेलरचे बिल नाही, त्यामुळे दुकानदारानेही हात वर केले. नुकसान पूर्ण त्याच्या अंगावर आले.

या दोन गोष्टींतला फरक समजला की अर्धा धडा झाला. विचारायचे ते एवढेच: बाहेरचा पार्ट आणि झालेला बिघाड यांचा संबंध आहे काय?

"बाहेरचा" म्हणजे कुठला?

आपण सगळ्यालाच "डुप्लिकेट" म्हणतो, पण त्यात चार प्रकार आहेत.

१. कंपनीच्या नावाच्या खोक्यातला पार्ट.
२. जो कारखाना गाडीच्या कंपनीला पार्ट पुरवतो, त्याच कारखान्याने स्वतःच्या नावाने बाजारात विकलेला पार्ट. बेअरिंग, फिल्टर, ब्रेक यांत हे सर्रास असते. दर्जा बहुतेक वेळा तोच, किंमत कमी.
३. तिसऱ्याच कारखान्याने त्या मापाचा बनवलेला पार्ट. यात चांगलेही असतात, सुमारही.
४. कंपनीचे नाव आणि खोके नक्कल करून विकलेला खोटा पार्ट. हाच खरा डुप्लिकेट. ही फसवणूक आहे, आणि नुकसान सगळ्यांत जास्त याच्यामुळे होते.

दुसरा आणि तिसरा प्रकार वापरणे हा गुन्हा नाही. चौथा मात्र आपल्या नकळत गळ्यात पडतो, कारण आपण पक्के बिल मागत नाही.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत वॉरंटीसाठी १९७५ पासून वेगळा कायदा आहे. आपल्याकडे फक्त वॉरंटीचा असा स्वतंत्र कायदा नाही. पण दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश. मोटार कंपन्या सुटे पार्ट खुल्या बाजारात मिळू देत नाहीत आणि बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी रद्द करतात, अशी ती तक्रार होती. आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. पुढे अपिले झाली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने मूळ निष्कर्ष कायम ठेवले. आपल्याला दंडापेक्षा त्यातली सूचना महत्त्वाची. बाहेरच्या मेकॅनिककडे काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीने घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. पार्ट पुरवणाऱ्या कारखान्यांना खुल्या बाजारात माल विकू द्यावा, असेही आयोगाने सांगितले.

एक लक्षात ठेवा. हा आदेश त्या खटल्यातल्या मोटार कंपन्यांना होता. तुमची आउटबोर्ड मोटर बनवणारी कंपनी त्यात नव्हती. त्यामुळे "आदेश आहे, द्या वॉरंटी" असे काउंटरवर ओरडून उपयोग नाही. पण "जेवढे नुकसान, तेवढाच नकार" हे तत्त्व तक्रारीत मांडायला हा आदेश चांगला आधार आहे.

दुसरी गोष्ट, ग्राहक संरक्षण कायदा २०१९. सदोष वस्तू, सेवेतली त्रुटी आणि ग्राहकावर लादलेल्या अन्यायकारक अटी यांवर या कायद्याने दाद मागता येते. इथे आपले लोक नेहमी विचारतात, "गाडी धंद्याची आहे, मग आम्ही ग्राहक कसे?" व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही, हे खरे. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू बसते. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले: स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणारा हा ग्राहकच. हाताखाली एक-दोन माणसे असली म्हणून तो हक्क जात नाही. म्हणजे आपली मासळी आपल्या पिकअपने नेणारा सभासद ग्राहक आहे. पाच-सहा गाड्या ड्रायव्हर ठेवून फिरवणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हा मुद्दा जड जाईल.

वॉरंटी खरोखर कशाने जाते?

कंपनीची बाजूही समजून घ्या. पुढील कामे केलीत तर त्या-त्या भागाची वॉरंटी स्वतःच्या हाताने घालवलीत म्हणून समजा.

वायरिंग कापून जोड देणे. हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टीम यांसाठी मूळ वायर कापली की पुढे वीज, बॅटरी किंवा इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये काहीही झाले तरी बोट तिकडेच जाते. दिवे बसवायचेच असतील तर रिले आणि फ्यूज घालून, मूळ वायर न कापता बसवा.

पाट्यात जादा पान घालणे. बर्फ आणि मासळी जास्त भरता यावी म्हणून हे आपल्याकडे खूप चालते. नंतर अ‍ॅक्सल, बेअरिंग, चासी यांचे काही झाले तर कंपनी जादा वजनाचे कारण देते, आणि ते खोडणे अवघड जाते.

चुकीचे तेल. तेल कुठल्याही चांगल्या कंपनीचे चालते, पण पुस्तिकेत लिहिलेला दर्जाच हवा. डीपीएफ असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीला कमी राखेचे तेल लागते. साधे तेल घातले तर फिल्टर लवकर तुंबतो. टू-स्ट्रोक आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू-३ दर्जाचे तेल लागते. मोटरसायकलचे टू-टी तेल त्यात घालू नका.

सर्व्हिस चुकवणे. बाहेरच्या पार्टापेक्षाही हे कारण घातक. ठरलेल्या तासांना किंवा किलोमीटरला सर्व्हिस झाली नसेल, तर कंपनीला दुसरे कारण शोधावेच लागत नाही.

आणि काही गोष्टी वॉरंटीत मुळातच नसतात: क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर अशा झिजणाऱ्या वस्तू. खाऱ्या पाण्याने आलेला गंजही बहुतेक कंपन्या वगळतात. म्हणून बर्फाच्या पेटीचे पाणी चासीवर न पडता पाइपाने थेट खाली जाईल असे करा आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने गाडी धुवा.

आमचा सल्ला साधा आहे. वॉरंटी असेपर्यंत इंजिन, इंधन, वीज, गिअरबॉक्स आणि मोटरीच्या थंड पाण्याची यंत्रणा, इथे कंपनीचाच पार्ट लावा. ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, सीट कव्हर यांत बाहेरचा चांगला, बिलाचा पार्ट लावायला हरकत नाही.

नकार मिळाला तर काय करायचे?

१. तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. कुठला पार्ट, कुठला बिघाड आणि दोन्हींचा संबंध काय, हे जॉब कार्डावर किंवा ईमेलवर लिहून मागा.

२. तुटलेला पार्ट ताब्यात घ्या. भंगारात टाकू नका. दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर ग्राहक आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पार्टच नसेल तर तपासणार काय?

३. गाडी उघडायच्या आधी आणि उघडल्यावर फोटो काढा. मीटरचे आकडे दिसू द्या.

४. हंगाम थांबत नाही, पैसे भरून गाडी सोडवावीच लागली, तर बिलावर "तक्रार राखून पैसे भरले" असे लिहून सही करा आणि त्याचा फोटो घ्या.

५. कंपनीच्या मुख्य ऑफिसला लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा.

६. तरीही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जावे लागत नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार हवी.

आज घरी जाऊन एवढे करा

एक प्लॅस्टिकची फाइल घ्या. त्यात गाडीचे आणि मोटरीचे वॉरंटी कार्ड, सर्व्हिसच्या पावत्या आणि बदललेल्या प्रत्येक पार्टाचे पक्के बिल ठेवा. बिलावर पार्टाचे नाव, नंबर, तारीख आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक असू दे. "कच्चे बिल घेतलेत तर शंभर रुपये कमी" असे दुकानदार म्हणेल. ते शंभर रुपये वाचवू नका. इम्पेलरवाल्या सभासदाने तेच वाचवले होते. बिले होडीत ठेवली तर भिजतात, म्हणून प्रत्येकाचा फोटो काढून मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवरही पाठवून ठेवा.

आणि वॉरंटी कार्डाची मागची बाजू एकदा वाचा. अक्षर बारीक असते, इंग्रजीत असते, हे आम्हाला ठाऊक आहे. समजले नाही तर कार्ड घेऊन ऑफिसात या, एकत्र बसून वाचू. बंदीच्या दिवसांत वेळ आहे. १ ऑगस्टला होड्या पाण्यात गेल्यावर कोणालाच सवड नसते, आणि बिघाड नेमका तेव्हाच होतो.