जोड्या लावा : कमी खर्चातला गेमिंग पीसी निवडताना



निकाल लागले की एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा, असा वर्षातून दोनदा एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोरगं गेमिंग पीसी पाहिजे म्हणतंय. पार्ट आणून घरीच जोडतो म्हणतो. जमेल का त्याला?"

जोडणं जमेल. स्क्रू-ड्रायव्हर धरता येत असेल आणि घाई करायची सवय नसेल, तर नववी-दहावीचं मूल दोन-तीन तासांत पीसी जोडू शकतं. अवघड काम त्याच्या आधीचं आहे, ते म्हणजे कोणता पार्ट कोणत्या पार्टला चालतो हे ठरवणं. परीक्षेत 'जोड्या लावा' हा प्रश्न असतो ना, अगदी तसंच. फरक एवढाच की इथे चुकीच्या जोडीला शून्य गुण मिळत नाहीत, घरातले पैसे जातात.

आणि आपल्या जिल्ह्यात हे पैसे सहज आलेले नसतात. कुणी मिरचीच्या पथारीवर देठ खुडून जमवलेले असतात, कुणी ऊसतोडीची उचल बाजूला ठेवलेली असते. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पण मदरबोर्डचे चार मॉडेल समोर ठेवून निवडायचे म्हटले तर आजही बरेच जण सुरतची गाडी पकडतात. (वाटेत नवापूरचं स्टेशन, अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातमध्ये.) चुकीचा पार्ट आला तर परत एक दिवस, परत भाडं, आणि दुकानदार "सील फोडलंय, परत घेत नाही" म्हणाला की संपलं. म्हणून जुळवाजुळव कागदावर आधी करायची. भाव दर महिन्याला हलतात, त्यामुळे इथे भाव देत नाही. जोड्या मात्र बदलत नाहीत.

आधी प्रोसेसर, मग त्याचा बोर्ड

मुलं सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून करतात, कारण व्हिडिओत तेच दाखवतात. तुम्ही प्रोसेसरपासून सुरू करायला सांगा. प्रोसेसर ठरला की मदरबोर्ड आपोआप दोन-चार पर्यायांवर येतो, आणि मदरबोर्ड ठरला की रॅम ठरते.

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला तर सॉकेट एएम४. याच कंपनीच्या २०२२ पासून आलेल्या नव्या पिढ्यांचे प्रोसेसर एएम५ मध्ये बसतात. दोघांची अदलाबदल होत नाही. इंटेलचे १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर एलजीए १७०० या सॉकेटमध्ये बसतात. १० आणि ११ वाल्यांचं सॉकेट १२००. हे पाठ करायची गरज नाही. कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक मॉडेलसमोर सॉकेट लिहिलेलं असतं, मुलाने ते शोधून वहीत लिहायचं.

आता खरी गंमत. बसतं म्हणजे चालतंच असं नाही. इंटेलच्या ११५१ सॉकेटचे बोर्ड जुन्या बाजारात अजून मिळतात. त्यात ६व्या-७व्या पिढीचे बोर्ड वेगळे आणि ८व्या-९व्या पिढीचे वेगळे. सॉकेटचं नाव तेच, प्रोसेसर बसतोही, पण पिढी चुकली तर पीसी सुरूच होत नाही. एएम४ मध्येही असाच एक सापळा आहे. बी४५० हा जुना, स्वस्त आणि चांगला बोर्ड, पण त्यातलं बायोस जुनं असेल तर तो ५६००जी ला ओळखत नाही. बायोस नवं करायला जुना प्रोसेसर लावावा लागतो, किंवा त्या बोर्डावर फ्लॅशबॅकचं बटण असावं लागतं. तळोद्यात किंवा धडगावला बसून एका दिवसासाठी जुना रायझन कुणाकडून आणणार? म्हणून घेतानाच दुकानदाराला सांगायचं, "भाऊ, बायोस अपडेट करून, प्रोसेसर लावून, स्क्रीन चालू करून दाखवा." चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

नावाच्या शेवटच्या अक्षराकडे लक्ष द्यायला शिकवा. ही सवय पुढे औषधाची पट्टी वाचतानाही उपयोगी पडते. ५६००जी मधला 'जी' म्हणजे प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स आहे. नुसता ५६०० घेतला तर आत ग्राफिक्स नाही. इंटेलकडे उलटं : आय३-१२१०० मध्ये ग्राफिक्स असतं, आय३-१२१००एफ मध्ये नसतं. 'एफ'वाला थोडा स्वस्त पडतो म्हणून पोरं खूश होऊन घेतात, आणि "कार्ड पुढच्या वर्षी घेऊ" म्हणतात. मग बोर्डाच्या मागे एचडीएमआयची जागा दिसते, वायर लागते, पण स्क्रीन काळीच. पीसी बिघडलेला नसतो, चित्र काढणारं त्यात कुणी नसतं.

माझं मत विचाराल तर पैसे कमी असलेल्या घराने आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा आणि कार्ड नंतर घ्यावं. ५६००जी वर व्हॅलोरंट नीट चालतो, जीटीए ५ सेटिंग कमी ठेवून चालतो, आणि त्याच मशिनवर पायथन, एक्सेल, व्हिडिओ एडिटिंग सगळं होतं. वर्षभराने मुलाचा उत्साह टिकला असेल तर कार्ड घ्या. नसेल टिकला तर तेवढे पैसे वाचले.

रॅम : एक का दोन?

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, लांबीही सारखीच. पण मधली खाच वेगळ्या जागी आहे. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटेल. एएम४ ला फक्त डीडीआर४ चालते, एएम५ ला फक्त डीडीआर५. इंटेलच्या १७०० मध्ये बोर्डावर अवलंबून आहे : एकाच चिपसेटचे काही बोर्ड डीडीआर४ चे, काही ५ चे. काही कंपन्या मॉडेलच्या नावात शेवटी 'डी४' लिहितात, तेवढाच फरक. आणि जुन्या लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती इथे बसत नाही.

१६ जीबी घ्यायची तर १६ ची एक पट्टी घ्यायची की ८ च्या दोन? हे गणित वर्गात फळ्यावर करून दाखवा. डीडीआर४-३२०० म्हणजे सेकंदाला ३,२०० दशलक्ष वेळा माहिती सरकते, प्रत्येक वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट. ३,२०० × ८ = २५,६०० एमबी प्रतिसेकंद. दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या की रस्ता दुपदरी होतो, ५१,२०० एमबी. ५६००जी सारख्या प्रोसेसरचं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे एका पट्टीवर गेम अडखळतो आणि दोन पट्ट्यांवर बराच मोकळा पळतो. बोर्डावर चार स्लॉट असतील तर बहुतेक वेळा दुसरा आणि चौथा वापरतात. पुस्तिकेत चित्र असतं, बघून घ्या.

साठवणीला एम.२ एसएसडी घ्या. २२८० लिहिलेलं असतं ते माप आहे, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. त्यात एनव्हीएमई आणि साटा असे दोन प्रकार येतात, दिसायला जवळजवळ सारखे. बोर्ड कोणता घेतो ते पुस्तिकेत पाहायचं. एवढं पुरे.

ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच असेल तर

कार्ड बोर्डावरच्या लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसतं, पण सगळीकडे पूर्ण ताकदीने चालत नाही. आरएक्स ६५००एक्सटी हे स्वस्त कार्ड फक्त ४ लेनवर चालतं आणि त्याला पीसीआयची चौथी पिढी लागते. ५६००जी मध्ये तिसरी पिढी आहे. म्हणजे आधीच अरुंद रस्ता, तो निम्मा झाला. आरएक्स ६६०० आठ लेनवर चालतं, म्हणून त्याला हा त्रास फार कमी होतो. एसएमपीएस जुना असेल आणि बदलायचा नसेल, तर आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीवाला प्रकार बघा, तो ७० वॉटमध्ये भागवतो आणि वेगळी वायर सहसा मागत नाही. ८ जीबीवाल्याला १३० वॉट लागतात. नाव एकच, भूक दुप्पट!

कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये आणि कॅबिनेट किती लांबीचं कार्ड घेतं, हे दोन आकडे शेजारी लिहा. पट्टीचा उपयोग शाळेबाहेरही होतो हे मुलांना कळू द्या.

एसएमपीएस : इथे कंजुषी नको

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि हाच भाग विज्ञानाच्या तासाला शिकवण्यासारखा आहे. दहावीच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आहे. शक्ती = विभवांतर × धारा. हे सूत्र पाठ असलेल्या मुलाच्या हातात एसएमपीएसचं लेबल द्या.

समजा डब्यावर मोठ्या अक्षरात ५०० वॉट लिहिलंय. लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर आहेत ते पाहा. समजा १६ आहेत. १२ × १६ = १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही मुख्यतः १२ व्होल्टवर जगतात. ५६००जी वर ६५ वॉट लिहिलेलं असलं तरी जोर लागला की तो ८८ वॉटपर्यंत जातो. आरएक्स ६६०० चे १३२ वॉट. बेरीज २२०. म्हणजे '५००'वाला एसएमपीएस २२० लाच कमी पडला. गेम ऐन रंगात आला की पीसी बंद पडणार, आणि घरात सगळे विंडोजला शिव्या देणार. नशीब वाईट असेल तर जाताना तो बोर्डही घेऊन जातो.

आता चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर साधारण ३६ अँपिअर असतात. १२ × ३६ = ४३२. वर छापलेला आकडा कमी, देण्याची ताकद दुपटीहून जास्त. ८० प्लस ब्राँझ लिहिलेला, नावाजलेल्या कंपनीचा, निदान तीन वर्षांच्या वॉरंटीचा घ्या. रंगीत दिव्यांचे पंखे आणि काचेचं कॅबिनेट यांतले पैसे काढून इथे घाला. मुलगा रुसेल. रुसू द्या.

बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे ५० वॉट धरले तर एकूण २७०. एसएमपीएस ८५ टक्के कार्यक्षम असेल तर भिंतीतून २७० ÷ ०.८५, म्हणजे सुमारे ३१८ वॉट खेचले जातील. मॉनिटरचे २५ धरा, ३४३ झाले. ६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे ६०० × ०.६ = ३६० वॉट. जेमतेम. लाइट गेली की पीसी नीट बंद करायलाही वेळ मिळणार नाही. कार्ड लावणार असाल तर ११०० व्हीए पाहा. कार्ड नसेल तर ६०० पुरतो. आणि हो, अर्थिंग. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात कोंबून चालवू नका. वायरमनला बोलावून तपासून घ्या. मुलाच्या हाताखाली लोखंडी डबा आहे.

आपला उन्हाळा

व्हिडिओत सांगतात की प्रोसेसर ७० अंशांवर चालतो, काळजी नको. ती खोली २५ अंशांची, म्हणजे प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंश वर गेला. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत दुपारी ४२ असेल तर ४२ + ४५ = ८७. ५६००जी ची मर्यादा ९५. चालेल, पण फार जागा उरत नाही. म्हणून समोरून जाळी असलेलं कॅबिनेट, समोर हवा आत घेणारा एक पंखा आणि मागे बाहेर टाकणारा एक. धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढायची. ५६००जी सोबत पंखा डब्यातच येतो, वेगळा घ्यायची गरज नाही.

जुना ऑफिसचा पीसी घेऊन त्यात कार्ड टाकलं तर?

हा प्रश्न सगळ्यात स्वस्त म्हणून येतोच. ठरवण्याआधी दोन गोष्टी बघा. चौथ्या पिढीचा आय५ असलेला मोठ्या कंपनीचा पीसी स्वस्त दिसतो, पण त्याच्या एसएमपीएसची वायर अनेकदा कंपनीने स्वतःच्या पद्धतीची केलेली असते, बाजारातला एसएमपीएस त्याला लागत नाही. चपटा डबा असेल तर पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही. दुसरं, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या ८व्या पिढीपासून पुढे चालतं. त्यावर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. मुलाला तोच गेम हवा असेल तर हा सौदा महागात पडेल. नुसतं टायपिंग आणि अभ्यासाला हवा असेल, तर वाईट नाही.

वर्गात घ्यायचं असेल तर असं करा. चार-चार मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला ठरावीक रक्कम द्या (कागदावरची!) आणि आजचे भाव शोधायला लावा. वहीत डावीकडे पार्ट, मध्ये त्याची अट, उजवीकडे ती अट पूर्ण करणारा पार्ट. मग वह्या अदलाबदल करून एका गटाने दुसऱ्या गटाची यादी पाडायची. 'एफ'वाला प्रोसेसर आणि कार्ड नाही, एएम४ बोर्ड आणि डीडीआर५, अशा एक-दोन चुका तुम्हीही एखाद्या यादीत मुद्दाम पेरून ठेवा. शोधणारा गट फार खूश होतो. पालकांनी घरी हेच करायचं, फक्त यादी पाडणारे तुम्ही. तुम्हाला कळलं नाही तरी "हे याला का चालतं?" एवढं प्रत्येक ओळीला विचारा. उत्तर देताना मूल अडलं, तर ती ओळ अजून पक्की नाही.

खरेदीला जाताना ती वही सोबत न्या. पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लिहून घ्या, 'मदरबोर्ड १ नग' असं नको. दुकानदार "तो नाही, हा घ्या, सेमच आहे" म्हणाला तर तिथेच उभं राहून मुलाला नवा मॉडेल नंबर वहीतल्या अटींशी ताडून बघू द्या. दहा मिनिटं लागतात. गाडी तोवर जात नाही, आणि गेलीच तर दुसरी असते. घरी आल्यावर खोकी माळ्यावर ठेवा, वॉरंटी संपेपर्यंत फेकू नका.