हुकलेला प्रश्न

संगणकास योग्य आज्ञा देऊन त्याच्याकडून अवघड प्रश्न सोडवून घेण्याच्या ज्या स्पर्धा हल्लीं ठिकठिकाणीं भरतात, त्यांची गोडी शाळेंतील पुष्कळ मुलांमुलींस लागली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु आठवी-नववींत मोठ्या हौसेनें आरंभ केलेलीं मुलें वर्षासहा महिन्यांत हळूच बाजूस सरतात, आणि कारण विचारलें तर "तें आपल्याला जमणारें नाहीं" एवढेंच सांगतात. बुद्धि कमी पडली म्हणून तीं मागें सरतात, असें क्वचितच घडतें. स्पर्धेंत प्रश्न हुकल्यावर पुढें काय करावयाचें, हें त्यांस कोणीं सांगितलेलें नसतें. आणि या विद्येचा निम्माअधिक अभ्यास तर तेथूनच सुरू होतो.

ज्या पालकांस या स्पर्धांची ओळख नसेल त्यांच्याकरितां प्रथम त्यांचें स्वरूप सांगितलें पाहिजे. स्पर्धकापुढें तीन-चारपासून दहा-बारापर्यंत प्रश्न ठेवलेले असतात व दोन-तीन किंवा पांच तासांचा अवधि असतो. प्रत्येक प्रश्नांत एखादी परिस्थिति वर्णिलेली असून तिचें उत्तर काढून देणारा प्रोग्रॅम लिहावयाचा असतो. तो परीक्षक यंत्राकडे धाडला कीं तें यंत्र आपल्याजवळचीं गुप्त उदाहरणें त्यास घालून पाहतें. उत्तर बरोबर हवेंच. शिवाय तें ठरलेल्या वेळांत, बहुधा एक-दोन सेकंदांत, आलें पाहिजे. कांहीं स्पर्धांत प्रश्नाच्या सोप्या भागापुरते थोडेबहुत गुण मिळतात. परंतु रीत बरोबर होती, केवळ शेवटीं आंकडा चुकला, अशा सबबीवर मार्क देणारा दयाळू मास्तर येथें नाहीं.

या चढाओढी कालपरवांच्या नव्हेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आय. सी. पी. सी. ही स्पर्धा १९७० सालीं अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत उगम पावली व १९७७ पासून तिची अंतिम फेरी भरूं लागली. तिघांचा संघ, पांच तास, आणि तिघांत मिळून एकच संगणक, असा तिचा नियम आहे. शाळकरी मुलांचें आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड १९८९ सालीं बल्गेरियांतील प्रावेत्स येथें प्रथम भरलें. त्यांत एका देशाचीं फार तर चार मुलें बसतात. दोन दिवस, दर दिवशीं पांच तास व तीन प्रश्न. भारताचीं मुलें तेथें २००२ पासून जाऊं लागलीं. घरबसल्या सराव करण्याचीं साधनेंहि आतां विपुल आहेत. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीनें २००९ सालीं कोडशेफ सुरू केलें. रशियांतील सारातोव्ह येथील माइक मिर्झायानोव्ह यांनीं कोडफोर्सेस उभें केलें. तेथें जगांतील हजारों स्पर्धक एकाच वेळीं तेच प्रश्न सोडवितात, आणि स्पर्धा संपल्यावर प्रत्येकाच्या नांवापुढें एक आंकडा चढतो किंवा उतरतो. त्यास रेटिंग म्हणतात.

मुलांची उमेद खचते ती बहुधा या आंकड्यापाशीं. म्हणून तो कसा निघतो हें नीट समजून घेतलें पाहिजे. या पद्धतीचें मूळ बुद्धिबळांत आहे. हंगेरींत जन्मलेले व अमेरिकेंत पदार्थविज्ञान शिकविणारे अर्पाड एलो यांनीं ती बुद्धिबळपटूंसाठीं बसविली, आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेनें १९७० सालीं तिचा स्वीकार केला. दोघांच्या आंकड्यांत ४०० चें अंतर असेल तर वरच्याचें पारडें खालच्याच्या दहापट जड धरावें. अंतर मुळींच नसेल तर दोघांस समान संधि. अपेक्षेपेक्षां चांगलें घडलें तर आंकडा चढतो, वाईट घडलें तर उतरतो. आतां यांतून काय निघतें तें पाहा. ज्याचा आंकडा त्याच्या योग्यतेस अनुरूप बसला आहे, त्याच्या वांट्यास चढ आणि उतार जवळजवळ सारखेच यावयाचे! उतार म्हणजे विद्या नाहींशी होणें नव्हे. तराजूचा कांटा जसा थोडा इकडेतिकडे हलतो, तसाच तो प्रकार आहे. शिवाय हें माप इतरांशीं ताडून काढलेलें असतें. सर्वच पुढें सरकत असतील तर त्यांच्याबरोबर चालणाऱ्याचा आंकडा जागेवरच राहतो, तरी तो चाललेला असतोच. वर्षांतून दोनतीनदां मागें वळून पाहण्यास हें माप चांगलें आहे. दर शनिवारीं रात्रीं त्याकडे पाहून आनंद किंवा शोक करणें म्हणजे पेरलेलें बीं रोज उकरून पाहण्यासारखें आहे.

मग प्रगति कशानें मोजावी? मागच्या महिन्यांत जो प्रश्न मला सुटत नव्हता तो आज कोणाच्याहि मदतीवांचून मी सोडवूं शकतों काय, या एका प्रश्नानें. स्पर्धा संपल्यावरहि तिचे प्रश्न उघडे राहतात, व परीक्षक यंत्र उत्तर तपासून देण्यास तयार असतें. तीन प्रश्न सुटून चौथा हुकला असेल तर तो चौथा प्रश्न त्या विद्यार्थ्यासाठीं जणूं मापून शिवलेला असतो. तो त्याच्या शक्तीच्या जरासाच पलीकडे असतो. सुटलेले तीन त्यास येतच होते. शेवटचा, जगांत मूठभरांनाच सुटलेला, त्याच्या आज उपयोगाचा नाहीं. पण हा चौथा प्रश्न सोडून देऊन पुढच्या स्पर्धेस धांवणारीं मुलें शेंकडों स्पर्धा देतात आणि जागच्या जागीं राहतात.

उदाहरण घेऊन बोलूं. एका गांवच्या पर्जन्यमापकाच्या एक लाख दिवसांच्या नोंदी दिल्या आहेत. "अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत एकूण पाऊस किती?" असे एक लाख प्रश्न विचारले जातील, प्रत्येकाचें उत्तर द्यावें. नवशिका विद्यार्थी दर वेळीं त्या दिवसांची बेरीज करीत सुटतो. रीत खरी आहे, परंतु वाईटांत वाईट प्रसंगीं एक लाख गुणिले एक लाख, म्हणजे एक हजार कोटि बेरजा होतात. संगणक सेकंदास दहा कोटि साध्या क्रिया करतो असें स्पर्धक ढोबळ मानानें धरतात. त्या हिशेबानें शंभर सेकंद लागतील, आणि मुदत तर दोन सेकंदांची! "वेळ संपला" असा शेरा येतो व मूल हिरमुसतें.

वस्तुतः याचें उत्तर किराणा दुकानाच्या चोपडींत आहे. दुकानदार रोजच्या विक्रीपुढें आजवरची एकूण बेरीज मांडीत जातो. पाऊस ४, ०, ७, १२, ३, ९ असा पडला असेल तर चढती बेरीज ४, ४, ११, २३, २६, ३५ अशी होते. तिसऱ्या दिवसापासून पांचव्या दिवसापर्यंतचा पाऊस हवा? पांचव्या दिवसाच्या २६ मधून दुसऱ्या दिवसापर्यंतचे ४ वजा करा, उत्तर २२. एक वजाबाकी आणि काम झालें. लाख प्रश्नांना लाख वजाबाक्या पुरतात.

एवढें समजलें म्हणजे प्रश्न सुटला असें वाटतें, पण प्रोग्रॅम लिहावयास बसावें तेव्हां गंमत कळते. कोणी दुसऱ्याऐवजीं तिसऱ्या दिवसाची बेरीज वजा करतो व २२ च्या जागीं १५ काढतो. कोणी पहिल्या दिवसाच्या मागें शून्य मांडावयास विसरतो. आणि एक दैनंदिन नोंद लाखापर्यंत जाऊं शकत असेल तर एकूण बेरीज हजार कोटींपर्यंत जाऊं शकते. संगणकाच्या नेहमींच्या लहान पेटींत, म्हणजे ३२ बिटांच्या पूर्णांकांत, २१४ कोटि ७४ लक्ष ८३ हजार ६४७ हून मोठी संख्या मावत नाहीं. मोठी पेटी न घेतल्यास उत्तर ऋण येतें. पाऊस उणा पडला, असें यंत्र बेधडक सांगतें! हीं तीन ठेंचांचीं ठिकाणें पुस्तक वाचून लक्षांत राहत नाहींत, स्वतः ठेंच लागल्यावर राहतात.

हुकलेला प्रश्न येथेंच संपत नाहीं. ज्यास त्याची गोडी लागली तो विचारील कीं मधूनच एखादी जुनी नोंद दुरुस्त करावयाची झाली तर? एक आंकडा बदलला तर पुढच्या सर्व चढत्या बेरजा पुन्हां लिहाव्या लागतील. यावरील एक सुरेख युक्ति पीटर फेनविक यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केली. तींत लाख नोंदींसाठींहि दुरुस्तीस व उत्तरास प्रत्येकीं सतराच्या आंतबाहेर पायऱ्या पुरतात. एका साध्या प्रश्नावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असा हा जिना चढत जातो. कित्येक दिवस आंकडा वाढला नाहीं तरी मुलांस टेबलापाशीं बसवून ठेवणारी जी गोष्ट आहे ती हीच. बक्षिसाच्या लोभानें ती उत्पन्न करतां येत नाहीं.

अभ्यासाची रीत फार अवघड नाहीं. हुकलेल्या प्रश्नावर प्रथम कागद-पेन्सिल घेऊन तासभर तरी स्वतः झगडावें. लहान लहान उदाहरणें हातानें करून पाहावींत. तरीहि वाट दिसली नाहीं तर लिहिलेलें स्पष्टीकरण वाचण्यास हरकत नाहीं, मात्र एकेक परिच्छेद वाचून थांबावें, कारण पुष्कळदां पहिल्या दोन ओळींतच हवी ती किल्ली सांपडते. मग तें मिटून प्रोग्रॅम आपल्या हातानें लिहावा. दुसऱ्याचा प्रोग्रॅम समोर ठेवून उतरून काढणें आणि तो समजणें यांत फार अंतर आहे. आठ दिवसांनीं तोच प्रश्न पुन्हां कोऱ्या कागदावर सोडवून पाहावा. जॉर्ज पोल्या या गणितज्ञांनीं १९४५ सालच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकांत उदाहरण सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्यांतील शेवटची म्हणजे सुटलेल्या उदाहरणाकडे मागें वळून पाहणें. आणि बहुतेक विद्यार्थी नेमकी तीच गाळतात.

एक चुकांची वहीहि ठेवावी. "मूर्खपणानें चुकलें" असें तींत लिहूं नये, त्यांतून कांहीं शिकतां येत नाहीं. "पहिल्या दिवसामागें शून्य मांडलें नाहीं" असें नेमकें लिहावें. पांचपन्नास नोंदी झाल्या म्हणजे आपलीं नेहमीचीं ठेंचेचीं ठिकाणें चारपांचच आहेत असें दिसून येतें, आणि तेवढ्यानेंच पुष्कळ धीर येतो.

चूक कोठें आहे तेंच सांपडत नसेल तर आणखी एक उपाय आहे. त्याच प्रश्नाचा एक संथ परंतु निश्चित बरोबर असा दुसरा प्रोग्रॅम लिहावा. वरच्या उदाहरणांत, दर वेळीं सरळ बेरीज करणारा. मग लहान लहान शेंकडों उदाहरणें यंत्राकडूनच वाटेल तशीं बनवून दोन्ही प्रोग्रॅमांस घालावींत. जेथें दोहोंचीं उत्तरें निराळीं येतील तेथें चोर पकडला गेला. चारसहा आंकड्यांच्या उदाहरणांत लपलेली चूक हातानें शोधण्यास वेळ लागत नाहीं.

प्रत्यक्ष स्पर्धेविषयीं थोडेंच सांगतों. आरंभीं सगळे प्रश्न वाचावे. सोपा प्रश्न पहिलाच असतो असें नाहीं. दिलेल्या मर्यादा आधीं पाहाव्या, कारण लाखाचा आंकडा दिसला कीं कोणती रीत चालणार नाहीं तें तेथेंच ठरतें. उत्तर धाडण्याची घाई करूं नये, आय. सी. पी. सी. मध्यें शेवटीं सुटलेल्या प्रश्नावर प्रत्येक चुकीच्या प्रयत्नामागें वीस मिनिटांचा दंड बसतो. आदल्या रात्रीं जागूं नये, हें सांगावयास नकोच.

आतां एक नाजूक गोष्ट. हल्लीं प्रश्न पुढें ठेवला कीं सबंध प्रोग्रॅम लिहून देणारीं यंत्रें मुलांच्या हातीं आलीं आहेत. स्पर्धेंत त्यांचा आधार चोरून घेणाऱ्याचा आंकडा चढतो खरा, पण लवकरच त्यास अशा प्रश्नांपुढें बसावें लागतें कीं जे त्याच्या शक्तीच्या फार वरचे आहेत. मग त्यास प्रत्येक वेळीं यंत्राची कुबडी लागते, आणि शिक्षकांसमोर एकट्यानें बसण्याचा प्रसंग आला म्हणजे फजिती होते. स्पर्धेबाहेर, स्वतः झगडून झाल्यावर, "माझी चूक कोणत्या ओळींत आहे?" एवढें विचारण्यास माझी ना नाहीं.

पालकांसहि एक विनंति आहे. मूल स्पर्धेवरून उठलें कीं "कितवा आलास?" असें विचारण्याची आपली रीत आहे. त्याऐवजीं "कोणता प्रश्न राहिला?" असें विचारून पाहावें व तो आपल्याला समजेल अशा शब्दांत सांगावयास लावावें, सांगतां सांगतां मुलास वाट सुचल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. बेलारूसच्या गोमेल शहरांतील गेन्नादि कोरोत्केविच यानें २००६ सालीं, अवघ्या अकराव्या वर्षीं, आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्यें रौप्यपदक मिळविलें आणि २००७ पासून २०१२ पर्यंत ओळीनें सहा सुवर्णपदकें नेलीं. असें उदाहरण कौतुकानें सांगावें. आपल्या मुलास त्याच्याशेजारीं उभें करून मापूं नये. त्यांतून घेण्यासारखें काय असेल तर तो सात वर्षें सारखा त्याच स्पर्धेस बसत राहिला, हें. दहावीच्या वर्षीं वेळ कमी पडतो हें खरें आहे. त्या वर्षीं नव्या स्पर्धा खुशाल सोडाव्या, पण रविवारीं एक जुना हुकलेला प्रश्न, दीड तास, एवढें चालूं ठेवावें. सबंध वर्षाचा खंड पडला कीं पुन्हां आरंभ करणें फार जड जातें.

घरीं संगणक नाहीं म्हणून कोणी मागें राहूं नये. भारतीय संगणक ऑलिंपियाडच्या प्राथमिक फेरीचे लेखी स्वरूपाचे जुने प्रश्नसंच उपलब्ध आहेत. त्यांस यंत्र मुळींच लागत नाहीं, केवळ कागद, पेन्सिल आणि विचार लागतो. प्रत्येक प्रश्नाखालीं त्याच प्रकारचीं उत्तरोत्तर कठिण होत जाणारीं उदाहरणें असतात. पहिलें हातानें सहज सुटतें. शेवटच्यास मात्र रीत शोधावीच लागते. इच्छा असणाऱ्यांनीं एखादा संच शाळेंत छापून घ्यावा व शनिवारीं अर्धी शाळा सुटल्यावर दोघातिघांनीं मिळून पहिला प्रश्न सोडवावयास बसावें.