मंगळावरच्या भेगा

(जमिनीवरच्या खुणांवरून जमिनीखाली काय दडले आहे, हे शास्त्रज्ञांनी कसे ओळखले व कसे तपासले, ते या पाठात सांगितले आहे.)

उन्हाळ्यात काळ्या मातीच्या शेताला भेगा पडतात. माती वाळते, आकसते आणि फाटते. भेगा एकमेकींना मिळाल्या की जमिनीवर चौकोन, पंचकोन, षट्कोन दिसू लागतात.

असेच बहुभुज मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडील मैदानातही आहेत. मंगळ म्हणजे उर्दूतील मिर्रीख. तिथे आज पाऊस नाही, नदी नाही. मग भेगा कशाने पडल्या?

उत्तर पृथ्वीवरच सापडले. सैबेरिया, अलास्का येथे काही ठिकाणी जमीन खाली वर्षभर गोठलेली असते. कडाक्याच्या थंडीत ती आकसते व तडकते. भेगेत वाळू किंवा बर्फ भरतो. उन्हाळ्यात जमीन पुन्हा फुगते, पण भरलेली भेग मिटत नाही. पुढच्या हिवाळ्यात ती तिथेच तडकते. असे शेकडो वर्षे चालले की बहुभुज ठळक होतात.

म्हणजे मंगळावरही मातीखाली बर्फ असावा. पण हा झाला अंदाज. खात्री करायची तर खणायलाच हवे!

२५ मे २००८ रोजी अमेरिकेचे 'फिनिक्स' यान त्या मैदानात उतरले. त्याने आपल्या यांत्रिक हाताने माती खरवडली. थोडे खाली जाताच कठीण थर लागला. एका चरात पांढरे खडे दिसले. ते मीठ होते की बर्फ? चार दिवसांनी पाहिले, तर खडे नाहीसे झाले होते! मीठ असे उडून जात नाही. तो बर्फच होता. मंगळावरची हवा फार विरळ आहे. त्यामुळे बर्फाचे पाणी न होता एकदम वाफ झाली. कपाटातल्या डांबरगोळ्या अशाच झिजतात. या क्रियेला संप्लवन म्हणतात. पुढे यानाने तिथली माती तापवली आणि तिच्यातून पाण्याची वाफ निघाली.

हिवाळा जवळ आला, सूर्यप्रकाश कमी झाला. २ नोव्हेंबर २००८ रोजी यानाचा शेवटचा संदेश आला. पण त्याचे काम झाले होते.

पाण्यावाचून जीवन नाही. म्हणून मंगळावर जीव होते का, हे शोधणारे आधी पाणी शोधतात. त्यांना वाट दाखवली ती साध्या भेगांनी. मुलांनो, नीट पाहा, कारण शोधा आणि ते तपासून घ्या. विज्ञान यालाच म्हणतात.

शब्दार्थ
आकसणे – आकाराने लहान होणे
बहुभुज – अनेक बाजूंची आकृती
चर – लांबट खड्डा
विरळ – दाट नसलेली

स्वाध्याय
१. शेतातील भेगा व मंगळावरील भेगा यांत कोणता फरक आहे?
२. पांढरे खडे मीठ नव्हते, हे कशावरून ठरले?
३. 'खात्री करणे', 'नाहीसे होणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.