कोरीटला जाताना जेवायचं कुठे?

प्रश्न : कामानिमित्त कोरीटला (जि. नंदुरबार) जावं लागतं. मी शाकाहारी आहे. दहा रुपयांची शिवभोजन थाळी रेशनकार्ड दाखवल्यावरच मिळते म्हणे. मग स्वस्तात काय खावं?
– एक वाचक, धुळे

उत्तर : रेशनकार्ड लागत नाही, निर्धास्त राहा. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या या थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण, भात असतो. नाव सांगायचं, फोटो काढू द्यायचा, झालं. मात्र ती दुपारीच मिळते, तीही ठरलेल्या थाळ्या संपेपर्यंत. केंद्र सुरू आहे का, हे नंदुरबारलाच विचारून घ्या. पुढे खेड्यात खानावळीच्या भरवशावर राहू नका.

खरं तर ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि कांदा सोबत असला की चिंताच नाही. रस्सा नको, उन्हात आंबतो. भजी घेताना कढईकडे बघा. त्याच तेलात अंडी तळत असतील तर चहावर भागवा.